हत्तीरोगाच्या सर्व्हेची दहा मिनिटांची पट्टी : वापरणाऱ्याचा रिव्ह्यू

ही वस्तू मेडिकलवर मिळत नाही आणि ऑनलाइन मागवताही येत नाही. तरी तिचा रिव्ह्यू लिहितोय, कारण आपल्याच गावातल्या पहिली-दुसरीच्या मुलांच्या बोटातलं रक्त तिच्यावर घेतात आणि तिच्या निकालावर अख्ख्या जिल्ह्याला वाटायच्या हत्तीरोगाच्या गोळ्या चालू राहणार की बंद होणार हे ठरतं. फायलेरियासिस टेस्ट स्ट्रिप, म्हणजे रक्तात हत्तीरोगाची लागण शोधणारी पट्टी, असं तिचं पूर्ण नाव. आम्ही कामातले लोक नुसती ‘पट्टी’ किंवा ‘एफटीएस’ म्हणतो.

मी नंदुरबार जिल्ह्यात प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. शहादा-तळोद्याच्या सपाटीवरची गावं आणि वर सातपुड्यातले पाडे, दोन्हीकडे रक्त घेत फिरलोय. राज्याच्या हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांच्या यादीत खान्देशातले नंदुरबार आणि जळगाव आहेत, हे आपल्याकडच्या बऱ्याच जणांना माहीतच नसतं. हत्तीपाय म्हटलं की लोकांना विदर्भ आठवतो.

पट्टीची किंमत कळायची तर आधी रात्रीची स्लाइड समजून घ्यावी लागते. हत्तीरोगाच्या जंतांची पिल्लं, म्हणजे मायक्रोफायलेरिया, दिवसा फुप्फुसाकडच्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री बोटाच्या रक्तात येतात. हा रोग पसरवणारा क्युलेक्स डास चावतो तोही रात्रीच. त्यामुळे रात्री साडेआठ ते बाराच्या दरम्यान घरोघरी जाऊन २० घनमिलिमीटर रक्त काचपट्टीवर घ्यायचं, वाळवायचं, दुसऱ्या दिवशी पाण्यात धुऊन जेएसबी रंगाने रंगवायचं आणि मायक्रोस्कोपखाली एकेक स्लाइड बघायची. बरीच वर्षं जिल्ह्यात चार ठरलेल्या जागा आणि चार बदलत्या जागा, प्रत्येकी ५००, म्हणजे एकूण ४,००० स्लाइड अशी पद्धत होती. माझ्या अनुभवाने एक माणूस दिवसाला पन्नासच्या वर स्लाइड मन लावून वाचू शकत नाही. पुढे डोळे थकतात आणि पिल्लू समोर असूनही दिसत नाही. हिशोब केला तर ४,००० स्लाइड म्हणजे एका तंत्रज्ञाचे ८० दिवस नुसते वाचण्यात, आणि तेवढे दिवस आरोग्य केंद्रातली बाकीची तपासणी कोणी करायची?

त्यात रात्रीची गाडी, डिझेल, ड्रायव्हरचा भत्ता, सोबत आरोग्य सेवक, गावातली आशा ताई. आणि लोक! दिवसभर कापूस वेचून, मिरचीच्या शेतात वाकून आलेला माणूस नऊला आडवा झालेला असतो. त्याला उठवून सुई टोचायची. शहाद्याकडच्या एका आजीने पट्टीच्या सर्व्हेच्या वेळी मला सांगितलं ते मला कुठल्याही अहवालापेक्षा खरं वाटतं : “दिनले उनात ते बरं व्हयनं भाऊ, रातले आमनी झोप मोडस.” (दिवसा आलात ते बरं झालं भाऊ, रात्री आमची झोप मोडते.)

पट्टीचा मोठा गुण हाच की ती दिवसा चालते. ती पिल्लं शोधत नाही, मोठ्या जंताने रक्तात सोडलेलं द्रव्य, म्हणजे अँटिजेन, शोधते. ते चोवीस तास रक्तात असतं. बोटातून ७५ मायक्रोलिटर रक्त घ्यायचं, पट्टीवर सोडायचं, दहा मिनिटांनी वाचायचं. दोन रेघा आल्या तर पॉझिटिव्ह, एकच कंट्रोलची, म्हणजे पट्टी नीट चालल्याची, रेघ आली तर निगेटिव्ह. कंट्रोलचीच रेघ नाही आली तर ती पट्टी बाद, दुसरी लावायची. हिच्या आधी कार्ड यायचं, आयसीटी म्हणायचे त्याला. त्याला १०० मायक्रोलिटर रक्त लागायचं आणि ते थंडाव्यात जपावं लागायचं. पट्टी २ ते ३७ अंशांत राहते, म्हणजे बहुतेक महिने साध्या खोलीत. आणि कार्डापेक्षा ही जास्त पॉझिटिव्ह पकडते, हे परदेशातल्या तुलनांमध्ये दिसून आलेलं आहे.

आता ‘३७ अंश’ हे खान्देशात वाचायचं म्हणजे जरा थांबून वाचावं लागतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ ला जातो, पत्र्याच्या स्टोअरमध्ये त्याहून वर. बॉक्सवर लिहिलंय म्हणून खोलीत ठेवलं की झालं, असं इथे चालत नाही. पट्ट्यांचा साठा उन्हाळ्यात लसीच्या खोलीजवळ, एसी असेल तिथेच हवा. शेतात-शाळेत नेताना थर्माकोलच्या पेटीत, गाडीच्या पुढच्या काचेखाली तर अजिबात नाही. मी एका केंद्रात पट्ट्यांचे खोके खिडकीच्या उन्हात रचलेले पाहिलेत. कोणतं केंद्र ते सांगत नाही, पण त्या खोक्यांमधून काढलेल्या पट्टीच्या निगेटिव्हवर मी विश्वास ठेवणार नाही. म्हणूनच प्रत्येक लॉट फील्डवर नेण्याआधी पॉझिटिव्ह कंट्रोलने, म्हणजे पॉझिटिव्ह यायलाच हवा अशा नमुन्याने, तपासायचा असतो. तो अर्धा तास कोणी वाचवू नये.

वापरायला सोपी आहे असं म्हणतात. अर्धं खरं आहे. रक्त घेणं सोपं, नीट घेणं सोपं नाही. सहा वर्षांच्या पोराचं बोट करंगळीएवढं. पौषातल्या थंडीत धडगावकडच्या शाळेत सकाळी साडेदहाला मुलांचे हात गार पडलेले असतात, लॅन्सेट टोचली तरी ७५ मायक्रोलिटर यायला तयार नसतं. बोट पिळायचं नाही, पिळलं की रक्तात अंगातलं पाणी मिसळतं. मग आम्ही शाळेतल्या चुलीवर पाणी कोमट करून घेतो, मुलाचे हात त्यात बुडवून, पुसून, हात खाली सोडून उभं करतो. पहिला थेंब कापसाने पुसायचा, दुसऱ्याला नळी लावायची. नळी आडवी धरली की रक्त आपोआप वर चढतं. मध्ये बुडबुडा आला तर माप चुकलं. रेघेपर्यंत भरली की पट्टीच्या पांढऱ्या भागाच्या वरच्या टोकाला हळूच सोडायचं. एकदम ओतलं की रक्त पसरतं आणि सगळी पट्टी लाल होऊन बसते, रेघ दिसतच नाही.

घड्याळ कधी लावायचं, याच्यावर माझा सगळ्यात जास्त भर आहे. रक्त सोडलं त्या क्षणी नाही. रक्तातलं पाणी खालच्या गुलाबी भागात उतरायला लागलं की तिथून दहा मिनिटं. आणि दहा म्हणजे दहाच. उशिरा वाचली तर निगेटिव्ह पट्टीवरही फिकट रेघ उमटू शकते. म्हणजे अकरा वाजून पाच मिनिटांनी जे पोर निरोगी होतं ते जेवणाची सुट्टी झाल्यावर कागदावर आजारी होतं, आणि त्या एका रेघेवर जिल्ह्याचा निकाल फिरू शकतो. आम्ही ट्रेवर प्रत्येक पट्टीशेजारी पेनने सुरुवातीची वेळ लिहितो आणि एका वेळी ट्रेवर जेवढ्या नजरेखाली राहतील तेवढ्याच लावतो. फिकट रेघ आली तर दोघांनी, एकमेकांना न विचारता, वेगवेगळं वाचायचं. पट्टी पॉझिटिव्ह आली तर दुसरी पट्टी लावून खात्री करायची. रेघ फिकट असो की गडद, रेघ म्हणजे रेघ. ‘थोडीशी पॉझिटिव्ह’ असा प्रकार नाही.

आता पैसा. एका पट्टीची किंमत दीड-दोन डॉलरच्या आसपास धरतात. आपल्या रुपयात शंभर-दीडशेच्या वर. काचेची स्लाइड त्याच्यापुढे जवळजवळ फुकट. म्हणून मीटिंगमध्ये कोणीतरी हमखास म्हणतं की पट्टी महाग आहे. मला हे पटत नाही. एकेका चाचणीचा भाव बघायचाच नाही. एका जिल्ह्याचं उत्तर किती पैशात मिळतं ते बघायचं.

ते उत्तर काढायची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये बसवून दिली. आम्ही तिला ‘टास’ म्हणतो, म्हणजे संक्रमण मूल्यमापन सर्वेक्षण. डीईसी आणि अल्बेंडाझोल या जंतांवरच्या गोळ्या सगळ्यांना वाटायच्या निदान पाच फेऱ्या झाल्या, प्रत्येक फेरीत निदान ६५ टक्के लोकांनी खरोखर गिळल्या, आणि स्लाइडमध्ये मायक्रोफायलेरियाचं प्रमाण १ टक्क्याच्या खाली आलं, तर शेवटच्या फेरीनंतर निदान सहा महिन्यांनी टास घ्यायचा. २० लाखांपर्यंतच्या लोकसंख्येचा एक विभाग करता येतो. सहा-सात वर्षांची मुलं तपासायची, कारण ही मुलं बहुतेक गोळ्यांच्या काळातच वाढली. त्यांच्या रक्तात जंताची खूण सापडली तर लागण अलीकडची आहे, जुनी उरलेली नाही.

आणि गंमत अशी की मुलं किती? साधारण दीड हजार ते सतराशे. वीस लाख लोकांच्या विभागाला सतराशे मुलं! शाळाही लॉटरीने निवडायच्या. पॉझिटिव्ह मुलं ठरलेल्या आकड्यापर्यंत, तेही अठरा-वीसच्या घरात, राहिली तर विभाग पास, त्याच्या वर गेली तर नापास आणि पुन्हा गोळ्या. हा आकडा असा बसवलाय की लागण २ टक्के किंवा जास्त असेल तर चुकून पास व्हायची शक्यता ५ टक्क्यांच्या आसपासच राहते, आणि ती १ टक्क्यावर आलेली असेल तर पास व्हायची शक्यता निदान ७५ टक्के. नेमकं प्रमाण किती हे ही पद्धत सांगत नाही. ‘गोळ्या थांबवू का?’ याला हो किंवा नाही एवढंच सांगते, आणि तेवढं विचारायला सतराशे मुलं पुरतात. स्वस्तपणा इथे आहे. भात शिजला का ते बघायला अख्खं पातेलं चिवडत नाहीत.

नंदुरबारची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेसोळा लाख होती. म्हणजे सगळा जिल्हा एका विभागात बसतो. जळगाव ४२ लाखांच्या वर, सगळा धरला तर निदान तीन विभाग. तिन्ही मिळून पाच हजार मुलं तपासावी लागली तरी दिवसा, शाळेत, एका जागी बसून. रात्रीच्या गाड्या नाहीत, स्लाइड वाचायचे महिने नाहीत. संध्याकाळी चारला निकाल हातात. हे सगळं एका बाजूला ठेवलं की पट्टीचे शंभर-दीडशे रुपये मला महाग वाटत नाहीत. शिवाय आपल्याकडे टासच्या पट्ट्या जागतिक आरोग्य संघटनेमार्फत येतात, तेव्हा राज्याचा खर्च मुख्यतः माणसांचा आणि गाड्यांचाच.

शाळेत सर्व्हे करायला एक अट आहे : निदान ७५ टक्के मुलं शाळेत दाखल असावीत, नाहीतर घरोघरी जावं लागतं. कागदावर आपल्याकडे ही अट आरामात पुरी होते. पण दाखल असणं वेगळं आणि दिवाळीनंतर वर्गात असणं वेगळं. अक्कलकुवा, धडगाव, तळोद्याकडचे लोक दिवाळी झाली की ऊसतोडीला, गुजरातला कामाला जातात आणि लहान मुलं सोबत नेतात. जी मुलं जातात तीच बहुधा गोळ्यांच्या वाटपातूनही सुटलेली असतात. जानेवारीत घेतलेला टास मग घरी राहिलेल्या, गोळ्या खाल्लेल्या मुलांचा टास होतो. पावसाळ्यात वरचे रस्ते दरडींनी बंद. म्हणून मी प्रत्येक मीटिंगमध्ये एकच सांगतो : आपल्याकडे गणपती ते दिवाळी हाच या सर्व्हेचा हंगाम. फेब्रुवारीची गोळ्यांची फेरी शेवटची असेल तर सहा महिनेही बरोबर भरतात. आणि आठवडे बाजाराचा दिवस सोडून द्या. त्या दिवशी पहिलीचा वर्ग अर्धा रिकामा असतो.

माझी खरी तक्रार पट्टीविषयी नाही, पास झालेल्या निकालाचं आपण काय करतो त्याविषयी आहे. वीस लाखांचा एक विभाग धरला की सरासरी निघते, आणि हत्तीरोग सरासरीने राहत नाही. तो एका उघड्या गटारीच्या कडेला, तीन-चार गल्ल्यांत राहतो. क्युलेक्स घाण पाण्यात वाढतो आणि फार लांब उडत नाही. सातपुड्यातल्या स्वच्छ पाड्यांची शेकडो निगेटिव्ह मुलं आणि गावकुसाच्या गटारीजवळची दोन पॉझिटिव्ह मुलं एकाच बेरजेत गेली की ती दोन मुलं गायब होतात. अमेरिकन सामोआ ही पॅसिफिक महासागरातली बेटं २०११ मध्ये टास पास झाली, २०१५ मध्ये पुन्हा पास झाली आणि २०१६ मध्ये नापास झाली. श्रीलंकेत आपल्यासारखाच क्युलेक्स आहे. तिथेही पास झालेल्या काही भागांत बारकाईने शोधल्यावर लागण शिल्लक सापडली. श्रीलंकेने त्यावर काम केलं आणि २०१६ मध्ये हत्तीरोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपल्याची मान्यता मिळवली. टास दोन-तीन वर्षांच्या अंतराने आणखी दोनदा घ्यायला सांगितलाय तो याच भीतीने.

माझं म्हणणं असं की पट्टीवर पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येक मुलाच्या घरापासून काम सुरू व्हावं. त्या मुलाच्या घरातली आणि शेजारच्या घरांतली मोठी माणसं रात्री तपासावीत. इथे मला जुनी स्लाइडच हवी. कारण पट्टी मोठा जंत आहे एवढंच सांगते, आणि औषधाने पिल्लं मेल्यावरही अँटिजेन कित्येक महिने, कधी वर्षंही रक्तात राहू शकतं. रोग पसरवणारा माणूस आत्ता कोण, हे रात्रीची स्लाइडच दाखवते. पाच-दहा घरांसाठी एक रात्र जागणं ४,००० स्लाइडसारखं नाही, ते मी आनंदाने करेन. मोठी माणसं तपासायचं आणखी एक कारण : पुरुषांत, त्यातही कामाला बाहेर जाणाऱ्या तरुणांत, गोळ्या न गिळणारे जास्त सापडतात. पहिलीतलं पोर त्यांच्याविषयी काही सांगू शकत नाही.

आणखी एक काटकसर सुचवतो. शाळेत आम्ही आलोच आहोत, मुलं ओळीत उभी आहेत, शिक्षक हजर आहेत. त्याच वेळी प्रत्येक मुलाच्या पाठीवर, हातावर कुष्ठरोगाचे फिकट, बधिर चट्टे बघून घ्यायला मिनिटही लागत नाही. नंदुरबार-जळगावला त्याचीही गरज आहे. एक गाडी, एक दिवस, दोन आजार. दोन वेगळ्या कार्यक्रमांची दोन वेगळी खाती आहेत म्हणून हे अडतं, बाकी काही कारण मला दिसत नाही.

आता नवीन एक कॅसेट आलीय, स्टँडर्ड क्यू नावाची. तिला २० मायक्रोलिटर रक्त पुरतं. धडगावच्या थंडीतल्या बोटांसाठी एवढी एक गोष्ट मला पुरेशी आहे. ती हातात नीट वापरून झाली की तिचा वेगळा रिव्ह्यू लिहीन.

पट्टीला माझे पाचपैकी चार तारे. अर्धा तारा ७५ मायक्रोलिटरसाठी कापला, अर्धा त्या दहा मिनिटांसाठी, कारण घाईतल्या माणसाच्या हातात ती पट्टी खोटं बोलू शकते.

वाचणाऱ्या पालकांसाठी : तुमच्या मुलाची पट्टी पॉझिटिव्ह आली तर घाबरू नका आणि शाळेतून नावही काढू नका. हा रोग शेजारी बसल्याने होत नाही. आरोग्य केंद्रात डीईसीचा वजनानुसार बारा दिवसांचा कोर्स मोफत मिळतो, जेवण झाल्यावर घ्यायचा. आणि घरातल्या आजोबांचा पाय वर्षानुवर्षं सुजलेला असेल तर त्यांच्यासाठी पट्टी मागू नका. जुन्या सुजेत ती बहुधा निगेटिव्हच येते आणि घरचे समजतात की हत्तीरोग नाही. त्यांना पाय रोज साबण-पाण्याने धुणं, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसणं, बसताना पाय उंच ठेवणं हे हवंय. अंडवृद्धी असेल तर सरकारी दवाखान्यात ऑपरेशन होतं. लाजेपायी ती वर्षं काढू नयेत. आशा ताईकडे नाव लिहून द्या, ती यादी याच कामासाठी असते.